जुना पिस्टन परत वापरता येईल का?

इंजिन खोललं की बहुतेक ग्राहक हेच विचारतात. पुष्कळदा येतो. पण त्याआधी बोअर (सिलिंडरचं आतलं भोक, ज्यात पिस्टन वरखाली होतो) मोजावा लागतो. बोअर झिजून रिबोअर करायची, म्हणजे तो कापून मोठा करायची वेळ आली, तर ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइजचा, म्हणजे तेवढा मोठा, नवा पिस्टन घ्यावाच लागतो. जुना कितीही चांगला असला तरी मोठ्या बोअरमध्ये तो खडखडणारच.

बोअर मापात निघाला, तरच पुढचं.

सफाई

पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो, म्हणून तो कॉस्टिक सोड्यात कधीच टाकत नाही. सोडा कार्बन (जळून साचलेला काळा थर) राहू देतो आणि धातू खातो. आम्ही पिस्टन कार्बन क्लीनरमध्ये भिजवून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडतो. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला तर पाच मिनिटांत पिस्टन चकाचक होतो खरा, पण रिंगच्या (पिस्टनभोवती बसणाऱ्या कड्यांच्या) खाचांच्या कडा गोल होतात आणि नवी रिंगही तिथे धड बसत नाही. तेव्हा आमच्याकडचा पिस्टन माथ्यावर जरा काळपट दिसला तर काळजी नको. ऑइल रिंगच्या खाचेतली बारीक भोकं मात्र एकेक करून मोकळी करतो. ती बुजलेली राहिली की गाडी ऑइल खाते, निळा धूर सोडते.

तपासणी

सगळ्यात आधी झिजते ती वरची खाच. तिच्यात नवी रिंग धरून फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट बघतो. ०.१५ मिमीच्या पुढे गेली, तर बहुतेक इंजिनांत तो पिस्टन बाद. नेमकी मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणे धरतो. स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) पिनच्या, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या दांडीच्या, काटकोनात मोजतो, कारण पिस्टन पूर्ण गोल नसतो, किंचित लंबगोल असतो. पिनच्या भोकाजवळ चीर दिसली किंवा गाडी सीझ होऊन (पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून) स्कर्टवर खोल ओरखडे पडले असतील, तर आग्रह करू नका. तो पिस्टन आम्ही बसवणार नाही.

रिंगा आणि पिन जागेवर धरणाऱ्या सर्क्लिप नेहमी नव्याच. बोअरच्या वरच्या टोकाला झिजेची कड राहिली असेल तर तीही काढून घेतो, नाहीतर नवी रिंग तिच्यावर आदळून तुटते. जो पिस्टन ज्या सिलिंडरचा, तो त्यातच परत जातो.

सगळी मापं जॉबकार्डवर लिहून मिळतील. बाद पिस्टन पिशवीत घालून परत देतो. हवं तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवून या, मग नव्याची ऑर्डर द्या.