३ तास ५९ मिनिटं: लोक पैसे भरून शर्यतीत का धावतात?

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन जवळ आली की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. धावलं की मेंदूत एंडॉर्फिन सुटतं, त्याची नशा चढते, मग त्याची चटकच लागते आणि म्हणून ही मंडळी पहाटे अडीचला उठून बेचाळीस किलोमीटर पळायला जातात, असं त्यात लिहिलेलं असतं. खाली मेंदूचं एक निळं चित्र. यंदाही तो आला आणि मला राहवलं नाही, कारण त्यात दोन चुका आहेत आणि दुसरी चूक फार महत्त्वाची आहे.

पहिली पटकन उरकतो. रक्तात जे एंडॉर्फिन वाढतं त्याचा रेणू बराच मोठा असतो, तो रक्तातून मेंदूत सहजासहजी जात नाही. २०१५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला, एंडॉर्फिन ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी चिकटून, काम करतं ते औषधाने बंद केले तरी धावल्यानंतरची शांतता तशीच राहिली, पण कॅनाबिनॉइड रिसेप्टर बंद केल्यावर ती गेली. म्हणजे भांगेतला घटक जिथे जाऊन काम करतो ते रिसेप्टर, त्यांच्यासाठी आपलं शरीर स्वतःच रसायन बनवतं. २०२१ मध्ये माणसांवरही असाच प्रयोग झाला, एंडॉर्फिनचे रिसेप्टर बंद करणारं नाल्ट्रेक्सोन हे औषध देऊन ४५ मिनिटं पळवलं, तरी धावल्यावरचा आनंद टिकून होता. आता २००८ मध्ये मेंदूचा पेट स्कॅन (PET) काढून केलेल्या एका अभ्यासात दोन तास धावल्यावर मेंदूच्या आतच ओपिऑइड, म्हणजे एंडॉर्फिनच्या गटातली रसायनं, सुटल्याची चिन्हं दिसली होती, त्यामुळे एंडॉर्फिनला पूर्ण बाद करता येत नाही, पण फॉरवर्डमध्ये असतं तेवढं साधं सरळ ते नक्कीच नाहीये.

दुसरी चूक अशी की समजा हे सगळं खरं धरलं तरी त्यातून लोक *धावतात* का एवढंच कळतं, *शर्यतीत* का उतरतात ते कळत नाही. ती नशा शिवाजी पार्कला किंवा तळजाईच्या टेकडीवर फुकट मिळते. मग महिनोनमहिने आधी रजिस्ट्रेशन करायचं, शर्यतीआधीच्या एक्स्पोला जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणायचा, रविवारची झोप घालवायची आणि अंधारात हजारो अनोळखी लोकांमध्ये उभं राहायचं, ते कशासाठी? जिंकण्यासाठी तर नाहीच. पुढे इथिओपिया-केनियाचे धावपटू सव्वादोन तासांच्या आत येऊन जातात आणि बँकेतला ऑफिसर, शाळेतल्या बाई, डॉक्टर, हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी हे सगळे तेव्हा अजून अर्ध्या वाटेच्या आसपास असतात.

हाच प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी पद्धतशीर विचारला. १९९३ मध्ये मॅरेथॉन धावणाऱ्यांसाठी ५६ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, त्यात कारणांचे नऊ गट आहेत: तब्येत, वजन, सोबत, कौतुक, स्पर्धा, स्वतःचं टार्गेट, ताण हलका करणं, आत्मविश्वास आणि आयुष्याला अर्थ. ती अनेक देशांत वापरली गेली. दुसऱ्याला हरवणं हे कारण हौशी लोकांमध्ये सहसा खाली राहतं, वर असतात तब्येत आणि स्वतःचं टार्गेट. पण यात एक अडचण आहे, हे सगळं लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, आणि माणूस स्वतःबद्दल शोभेल तेच सांगतो. म्हणून मला लोक काय म्हणतात त्यापेक्षा ते रस्त्यावर काय करतात ते बघायला जास्त आवडतं.

गर्दीचा परिणाम आधी बघू. १८९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकल शर्यतींचे आकडे तपासले आणि एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबत कोणी असेल तो जोरात जातो हे दाखवलं. पुढे १९६९ मध्ये रॉबर्ट झायन्स आणि सहकाऱ्यांनी चक्क झुरळं पळवली, आजूबाजूला बघे म्हणून दुसरी झुरळं बसवली, तर सरळ वाटेवर झुरळ जास्त वेगाने पळालं असं त्यांना आढळलं. हा प्रयोग इतका गाजला की पाठ्यपुस्तकांत गेला. पण अलीकडे तोच प्रयोग काळजीपूर्वक परत केला तेव्हा बघ्यांमुळे झुरळं जास्त वेगाने पळताना काही दिसली नाहीत. त्यामुळे चिअरिंग करणाऱ्यांमुळे बळ येतं हे मी नाकारत नाही, पेडर रोडच्या चढावर लहान मुलं संत्र्याच्या फोडी पुढे करतात तेव्हा पाय उचलतातच, फक्त त्याला झुरळांचा दाखला देऊ नये.

आता मला ज्यासाठी हे लिहायचं होतं त्याकडे येतो.

एरिक अ‍ॅलन, पॅट्रिशिया डेचो, डेव्हिन पोप आणि जॉर्ज वू या चौघा संशोधकांनी मॅरेथॉन किती वेळात पूर्ण झाली याच्या जवळपास ९८ लाख नोंदी गोळा केल्या आणि २०१७ मध्ये त्यावर पेपर प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर त्या मिनिटाला किती जण पोचले. एवढे लोक असतील तर ग्राफ गुळगुळीत टेकडीसारखा यायला हवा, हळूहळू चढायचा आणि हळूहळू उतरायचा. तसा तो येत नाही. ३ तासांच्या जरा आधी उंचवटा, लगेच खड्डा. साडेतीनच्या आधी तेच. ४ तासांच्या आधी तर मोठाच उठाव, ३:५८ आणि ३:५९ ला दाटी आणि ४:०० उलटून गेल्यावर एकदम विरळ. साडेचार आणि पाचलाही तसंच.

यावर जरा विचार करा. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं, अंगातलं पाणी कमी होतं, पोटऱ्यांत गोळे येतात, यातल्या कशालाच ६० मिनिटांचा तास ठाऊक नाही. साठाचा हिशेब बॅबिलोनच्या काळापासून चालत आला, तो माणसाने ठरवलेला आहे. शरीरशास्त्राने वेळ ठरली असती तर हे उंचवटे बरोबर गोल आकड्यांच्या अलीकडे आलेच नसते. म्हणजे ते डोक्यातून आलेत.

डोक्यात काय चालतं याचं उत्तर डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या १९७९ च्या प्रॉस्पेक्ट थिअरीत आहे. माणूस कुठलीही गोष्ट नुसती किती आहे असं मोजत नाही, तो एक खुंटी ठोकतो आणि तिच्यापासून किती वर किती खाली असं मोजतो, आणि खाली राहिल्याचं दुःख तेवढंच वर गेल्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, पैशांच्या पैजांवरच्या प्रयोगांत साधारण दुप्पट. दहावीत ८९.८ टक्के पडलेल्या मुलाच्या घरचं वातावरण आणि ९०.२ वाल्याच्या घरचं वातावरण आठवा, फरक ०.४ चा.

आता याचं गणित लावू, इथे थोडं सावकाश वाचा. समजा टार्गेट ४ तास आहे. तुम्ही ४ तासांच्या पलीकडे चाललेले असाल तर वाचवलेला प्रत्येक सेकंद तुमचं *नुकसान* कमी करतो, त्याची किंमत २ धरू. अलीकडे असाल तर वाचवलेला सेकंद नुसता *फायदा* वाढवतो, त्याची किंमत १. आणि चाळिसाव्या किलोमीटरनंतर एक सेकंद वाचवायला जो त्रास होतो तो समजा दीड. तर ४:०१ च्या अंदाजावर चाललेला माणूस दीड मोजून दोन मिळवतोय, तो पळणार, जीव तोडून पळणार. ३:५९:४० वर चाललेला दीड मोजून एक मिळवतोय, तो म्हणणार बास झालं, आता आरामात जाऊ. दोघंही ४ तासांच्या अगदी अलीकडे येऊन पोचतात. ज्यांचा ज्यांचा सेकंदाचा त्रास १ आणि २ च्या मध्ये आहे ते सगळे तिथेच साचतात, ज्यांचा २ च्या वर गेलाय ते मागे राहतात आणि ज्यांचा १ पेक्षा कमी आहे ते पुढे निघून जातात. कुठल्या वेळेला किती समाधान हे रेषेने काढलं तर त्या रेषेला खुंटीपाशी कोपरा आहे, उतार तिथे अचानक बदलतो, आणि त्या एका कोपऱ्यामुळे हजारो लोकांची गर्दी होते. बक्षीस नको, मेडल नको, नुसता उताराचा बदल पुरतो. मला हे इतकं सुंदर वाटतं की मी हा ग्राफ भेटेल त्याला दाखवत असतो.

शंका येणार की हे पेसरमुळे, म्हणजे ठरलेल्या वेळेत शर्यत संपवून देणाऱ्या धावपटूंमुळे असेल, कारण पेसर ४:००, ४:३० असेच झेंडे घेऊन धावतात आणि लोक त्यांच्या मागे लागतात. किंवा बोस्टन मॅरेथॉनच्या पात्रतेमुळे असेल, तिथे धावायला आधी दुसरी मॅरेथॉन ठरावीक वेळेत पूर्ण करावी लागते. पण बोस्टनची पात्रता वेळ वयाप्रमाणे आणि स्त्री-पुरुषांना वेगवेगळी असते, ती सगळ्यांना मिळून एकाच आकड्याला उंचवटे देणार नाही. आणि त्याहून भक्कम पुरावा शेवटच्या २.१९५ किलोमीटरमध्ये आहे. बहुतेक धावणारे या टप्प्यात मंदावतात, साहजिकच आहे, पण ४० किलोमीटरला ज्यांचा हिशेब गोल आकड्याच्या काठावर असतो त्यांच्यात वेग *वाढवणारे* जास्त निघतात. म्हणजे हे नुसतं आधीच्या प्लॅनिंगने होत नाही, ऐन वेळी जोर लावला जातो.

उदाहरण घ्या. ४ तासांत मॅरेथॉन म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. मरीन ड्राइव्ह संपत आलाय, चाळिसाव्या किलोमीटरला मनगटावरचं गारमिनचं घड्याळ ३:४८:०० दाखवतंय. उरलेत २.१९५ किलोमीटर आणि बरोबर १२ मिनिटं, म्हणजे आता किलोमीटरला ५:२८ चा पेस पाहिजे, सकाळपासून जो ठेवला त्याहून किलोमीटरला १४ सेकंद जास्त वेगाने, तेही जानेवारीतलं ऊन वर आलेलं आणि हवेत दमटपणा असताना. तिथे लोकांचे ओठ हलताना दिसतात, ते मनातल्या मनात भागाकार करत असतात. बागेतल्या लाँग रनला हा भागाकार कोणी करत नाही. कारण तिथे चुकलेला आकडा कुठे लिहून राहत नाही, शर्यतीत वेळ नोंदवणारी चिप असते, बिब नंबर टाकला की वर्षानुवर्षं कोणीही रिझल्ट काढून बघू शकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हौशी माणूस शर्यतीला पैसे भरतो ते या खुंटीसाठी, अशी खुंटी जी दुसऱ्याने ठोकलीय आणि जी नंतर हळूच सरकवता येत नाही.

ज्या शर्यतीत खुंट्या आयोजकच ठोकतात तिथे तर बघायलाच नको. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन, १९२१ पासूनची, डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्गच्या मधली जवळपास ९० किलोमीटरची, आपल्या पुण्या-मुंबईतून बरेच जण तिथे जातात. तिथे ९ तासांच्या आत बिल रोवन मेडल, ९ ते १० मध्ये रॉबर्ट म्त्शाली मेडल, १० ते ११ मध्ये ब्राँझ, ११ ते १२ मध्ये व्हिक क्लॅफम मेडल. १२ तासांना एक अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो, त्यानंतर रेषा ओलांडणारा फिनिशर धरला जात नाही. पाठ का, तर येणाऱ्याचा चेहरा बघून हात थबकू नये. शेवटच्या मिनिटांत तिथे पेसरच्या मागे अख्खे घोळके येतात, त्यांना ते बस म्हणतात.

या विषयात भोंगळ दावेही खूप आहेत. २०१४ मध्ये एक पेपर गाजला की वयाच्या आकड्यात शेवटी ९ असलेले लोक, म्हणजे २९, ३९, ४९ वाले, पहिली मॅरेथॉन धावायला जास्त येतात, दशक बदलायच्या आधी आयुष्याला अर्थ शोधायला. बातम्या झाल्या, रील्स झाल्या, पण आकडेवारीच्या पद्धतीवर नंतर गंभीर आक्षेप आले ते मात्र कोणी फॉरवर्ड केले नाहीत. आणि चुंबकाची ब्रेसलेट विकणाऱ्यांना तर अजिबात पैसे देऊ नका. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं, मनगटावरच्या चुंबकाने ते खेचलं जात नाही आणि रक्ताभिसरणही वाढत नाही.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगतो, हीच खुंटी धोकादायकही होऊ शकते. अमेरिकेत २००० ते २०१० मध्ये मॅरेथॉन-हाफ मॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख जणांचा अभ्यास झाला, त्यात हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना होत्या. प्रमाण फारच कमी आहे, पण छातीत दुखत असताना ३:५९ साठी रेटणारा माणूस त्या ५९ मध्ये जायची तयारी करत असतो. दुखलं तर थांबा, मेडिकल तंबूत जा, नावापुढे डीएनएफ, म्हणजे शर्यत अर्धवट सोडल्याचा शिक्का, लागला तर लागू दे.

आणि स्टॅटिस्टिक्स शिकणारं कोणी हे वाचत असेल तर एक काम सुचवतो. मुंबई हाफ मॅरेथॉनच्या निकालांचा एक-एक मिनिटाचे खण पाडून हिस्टोग्राम काढा, २ तासांच्या आसपास बघा, तिथेही पेस तोच ५:४१ चा. गन टाइम, म्हणजे शर्यत सुटल्यापासूनचा वेळ, घेऊ नका, नेट टाइम, म्हणजे स्वतः स्टार्टची रेषा ओलांडल्यापासूनचा वेळ, घ्या, कारण मागच्या गर्दीत उभा असलेला माणूस स्टार्टची रेषा ओलांडेपर्यंत बरीच मिनिटं गेलेली असतात आणि त्याचा भागाकार स्वतःच्या घड्याळावर चाललेला असतो, गन टाइममध्ये हा उंचवटा पसरून दिसेनासा होईल. मग तसाच ग्राफ सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा काढा. तिथे अर्धी वाट यवतेश्वरचा घाट चढायचा असतो, बहुतेकांना २ तासांच्या आत येणं कठीणच, तर तिथे लोक दोनचीच खुंटी धरून ठेवतात की ती सव्वादोन किंवा अडीचवर सरकते, हे मला फार बघायचंय.