प्लायनी द एल्डर: ताजीच प्यायची बिअर आणि तिच्या मागचा जहाजांचा इतिहास

कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझाला गेल्या वर्षी पहिल्यांदा प्लायनी द एल्डर ही आयपीए जातीची बिअर टॅपवरून प्यायलो. ग्लास तोंडाला लावायच्या आधीच वास आला, पपनसाची जाड साल सोलताना बोटांना जो तेलकट वास लागतो ना अगदी तो, आणि त्याच्या मागून चीडच्या लाकडाचा, राळेचा. रंग केशरीकडे झुकणारा सोनेरी, फेस पांढरा आणि काचेला धरून राहणारा. पहिल्या घोटाला माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याचा, गोडवा जेमतेम लागतो, मग कडूपणा येतो आणि गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला चावल्यावर जसा जिभेच्या मागे जाऊन बसतो तसा बसतो, पण पुढच्या क्षणी तोंड कोरडं करून निघूनही जातो, चिकट काही राहत नाही. ८ टक्के अल्कोहोल आहे हे अर्धा ग्लास संपल्यावर कानशिलं गरम झाली तेव्हा जाणवलं.

ही आमची दुसरी भेट. पहिली पुण्यात झालेली. चुलतभावाने कॅलिफोर्नियाहून कपड्यांत गुंडाळून बाटली आणली होती, ती मी काहीतरी खास निमित्ताने उघडू म्हणून कपाटात ठेवली, मार्च, एप्रिल, मे असा सगळा उन्हाळा, आणि जूनमध्ये उघडली तर पपनस नाही की राळ नाही, काकवीसारखा गुळचट वास, ओल्या पुठ्ठ्याची चव आणि नुसता बोथट कडवटपणा. फार वाईट वाटलं. लेबलवर छापलेलं असतं की साठवू नका, ताजी प्या, बाटली कधी भरली ती तारीखही असते, पण माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, म्हणजे जहाजातून इंडियाला येताना टिकावी म्हणून केलेली बिअर, तिला कपाटातले तीन महिने काय करणार. तो समज आला कुठून आणि कुठे चुकला ते शोधताना हा सगळा इतिहास वाचला.

लंडनच्या पूर्वेला बो नावाचा भाग आहे, तिथे जॉर्ज हॉजसनने १७५२ मध्ये ब्रुअरी सुरू केली. ब्लॅकवॉलची गोदी तिथून जवळ, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तिथेच लागायची, आणि जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खाजगी माल नेऊन इकडे विकायची मुभा असायची. ते हॉजसनकडून बिअर घ्यायचे कारण एक तर जवळ आणि दुसरं म्हणजे तो लांबलचक उधारी द्यायचा. नेहमी सांगितली जाणारी गोष्ट वेगळी आहे, की साधी बिअर वाटेत नासायची म्हणून हॉजसनने मुद्दाम जास्त दारूची, जास्त हॉप्सची (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) नवी बिअर शोधली. मार्टिन कॉर्नेल ह्या बिअर-इतिहासकाराने जुने कागद आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती तपासून ती गोष्ट खोडून काढली. इंडियाला पोर्टरसारखी काळी बिअरही येत होती आणि नीट पोचतही होती, आणि हॉजसन जी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, पाठवत होता ती इंग्लंडात आधीपासून असलेल्या ऑक्टोबर बिअरच्या जातकुळीतली. मोठे जमीनदार ती शरद ऋतूत बनवून वर्ष दोन वर्षं तळघरात मुरवायचे.

मला सगळ्यात आवडलेला भाग इथे आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई किंवा कलकत्ता गाठायला चार ते सहा महिने लागायचे, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, पिपं तळाशी हलत डुलत, कधी गार कधी गरम, आणि त्या प्रवासात ती बिअर तळघरात जशी दोन वर्षांत मुरली असती तशी काही महिन्यांतच मुरायची. लाकडात राहणारं एक हळू काम करणारं यीस्ट उरलीसुरली साखर खात राहायचं (पुढे १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेनने त्याचं नाव ब्रेटानोमायसिस ठेवलं, ब्रिटिश बुरशी अशा अर्थाचं), पिपात घातलेल्या जादा हॉप्समुळे बाकीचे जंतू आटोक्यात राहायचे, आणि इथे पीप उघडलं की कोरडी, नितळ, फेसाळ बिअर निघायची. म्हणजे प्रवास हा त्या बिअरच्या कृतीचाच भाग होऊन बसला होता. तिच्यात ताज्या हॉप्सचा वास कितीसा उरत असेल? बहुधा फारसा नाही, आणि तो कुणाला हवाही नव्हता.

पुढे हॉजसनच्या वारसांनी लोभ केला, कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवायला लागले, भाव चढवले, उधारी बंद केली. कंपनीचे लोक चिडले आणि १८२२ च्या सुमारास कंपनीच्या कॅम्पबेल मार्जोरीबँक्स ह्या संचालकाने इंग्लंडातल्या बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसप ह्या ब्रुअरला जेवायला बोलावून हॉजसनची बिअर दाखवली आणि अशी करून दे म्हणाला. ऑलसपही अडचणीतच होता, रशियाने कर वाढवल्यामुळे बर्टनच्या गोड बिअरचा तिकडचा बाजार बसला होता. त्याच्या जॉब गुडहेड नावाच्या माल्टवाल्याने म्हणे पहिला नमुना चहाच्या किटलीत करून पाहिला. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्याने हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि धारदार लागतो, त्यामुळे नक्कल मूळ बिअरपेक्षा सरस निघाली आणि ऑलसप आणि बर्टनचीच दुसरी ब्रुअरी बास ही नावं मोठी झाली. ईस्ट इंडिया पेल एल हे नाव छापलेलं मात्र १८२९ च्या सिडनीच्या एका वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत सापडतं.

ही बिअर पुढे हलकी होत गेली. कर, पहिलं महायुद्ध, लागर ह्या हलक्या बिअरची लाट, अशा कारणांनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात आयपीए हे नाव कितीतरी ठिकाणी साध्या पातळ बिअरला लागलेलं होतं.

मग गोष्ट अमेरिकेत जाते आणि तिथे कारण आहे एक वेल. ओरेगॉनमध्ये सरकारी संशोधनातून तयार झालेली कॅस्केड नावाची हॉप्सची जात १९७२ मध्ये लागवडीसाठी आली, इंग्लिश हॉप्सच्या मातकट, गवती वासाऐवजी हिचा वास लिंबूवर्गी फळांचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एल कॅस्केड घालून केली, सिएरा नेवाडा ह्या ब्रुअरीची पेल एल १९८० ची. मधे १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर बनवायला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि पुढच्या पिढीतले कितीतरी ब्रुअर त्या घरच्या पातेल्यांतूनच वर आले.

त्यातलाच एक विनी सिलुर्झो. १९९४, कॅलिफोर्नियातलं टेमेक्युला, ब्लाइंड पिग नावाची छोटी ब्रुअरी, भांडी जुनी, बिअर आंबवायच्या टाक्या प्लास्टिकच्या. पहिल्याच बिअरला काही नको ती चव आली तर झाकली जावी म्हणून त्याने हॉप्स दुप्पट केले आणि माल्ट ३० टक्क्यांच्या आसपास वाढवला. ती पहिली डबल आयपीए मानतात. पुढे तो रशियन रिव्हर ब्रुअरीत गेला, आणि २००० मध्ये हेवर्डच्या द बिस्ट्रो नावाच्या पबने फक्त डबल आयपीएचा महोत्सव भरवायचं ठरवलं तेव्हा त्याच्यासाठी प्लायनी बनली. नाव रोमन लेखक थोरल्या प्लिनीचं, जो इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याने लुपुस सालिक्टारिउस नावाच्या वनस्पतीचा उल्लेख केलाय, विलोच्या झाडांतला लांडगा असा अर्थ, ती हॉप्सच होती का ह्यावर अभ्यासकांत वाद आहे, पण हॉप्सच्या शास्त्रीय नावातला लुपुलस हा शब्द त्याच लांडग्याचा.

इथे थोडं आतलं सांगतो, कारण माझ्या कपाटातली बाटली का मेली ते ह्यातच आहे. हॉप्स उकळले की त्यातली अल्फा आम्लं रूप बदलतात आणि कडूपणा येतो, तो आयबीयू ह्या एककात मोजतात, साध्या लागरला १० ते २० आणि डबल आयपीएला ६० च्या पुढे अगदी १०० पर्यंत. वास मात्र तेलांचा, आणि तेलं उकळताना उडून जातात, म्हणून आंबवणं झाल्यावर थंड बिअरमध्ये पुन्हा हॉप्स घालतात, ते ड्राय हॉपिंग. प्लायनीत सिमको, सेंटेनियल, अमारिलो, सीटीझेड असे हॉप्स, आणि अंग जड होऊ नये म्हणून थोडी डेक्स्ट्रोज साखर, म्हणून ती इतकी कडक असून जिभेवर हलकी वाटते. ही तेलं फार नाजूक. ऑक्सिजन आणि उष्णता लागली की पपनस आणि राळ आधी जातात, मग माल्टचा गोडवा वर येतो, मग पुठ्ठा. पुण्याच्या मे महिन्यात कपाटात दुसरं काय होणार होतं. हॉजसनच्या पिपाला प्रवासाने जे दिलं तेच हिचं सगळं घेऊन गेलं.

आपल्याकडे हे वर्तुळ वेगळ्याच रस्त्याने पूर्ण झालं. पुण्यात २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी सुरू झाली तिचं नाव डुलाली, आणि हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा, तिथल्या छावणीत मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत गोरे सोजीर महिनोन्महिने पडून असायचे, कंटाळून, तापाने भ्रमिष्ट व्हायचे, त्याला ते डुलाली टॅप म्हणायचे, टॅप म्हणजे आपला तापच. आता हॉप्सच प्रवास करतात, गोळ्या करून, हवा काढलेल्या पाकिटात, थंड ठेवून, आणि बिअर इथे बनते नि इथेच संपते. मुंढव्यात किंवा गोव्यात टॅपवर ताजी आयपीए मिळाली की मी आता आधी ती कधी भरली ते विचारतो, आणि बहुतेक वेळा काउंटरवरचा मुलगा आनंदाने आत जाऊन तारीख बघून येतो.

चुलतभावाचा परवा फोन होता, डिसेंबरात येतोय, बाटली आणू का म्हणाला. म्हटलं आण, पण निघायच्या आठवड्यातली भरलेली बघून आण आणि उतरशील त्या संध्याकाळी सरळ माझ्याकडेच ये, ग्लास फ्रीजमध्ये नाही ठेवणार, बाटली ठेवू तासभर.