एल.सी.पी.एस. आणि डॉक्टरीणबाई : पार्श्वभूमी

पहिल्या पदवीधर स्त्री-डॉक्टरांची चरित्रे मराठी वाचकाला पाठ आहेत. त्यांच्यानंतरच्या पिढीबद्दल, म्हणजे १९३० ते १९६० च्या दरम्यान तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या बायांबद्दल फार थोडे लिहिले गेले. यातल्या पुष्कळजणींच्या पाटीवर एम.बी.बी.एस. ही अक्षरे नसत. मुंबई इलाख्यात एल.सी.पी.एस. (लायसेन्शिएट ऑफ द कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स) असे, नागपूर-वऱ्हाडकडे एल.एम.पी. (लायसेन्शिएट मेडिकल प्रॅक्टिशनर).

या अक्षरांचा घोळ आधी सोडवायला हवा. एल.एम. अँड एस. ही मुंबई विद्यापीठाची जुनी परीक्षा. एल.सी.पी.एस. ही १९१२ साली मुंबईत स्थापन झालेल्या एका परीक्षक संस्थेची पदविका. दोन्हींच्या सुरुवातीचा ‘एल’ लायसेन्शिएटचाच, म्हणजे परवानाधारकाचा, म्हणून पुढे सगळ्यांना एकाच दावणीला बांधून ‘कमी शिकलेले डॉक्टर’ ठरवले गेले. हे अन्यायाचे होते. एल.सी.पी.एस.ची मुलगी शवविच्छेदन शिके, वॉर्डात काम करी, बाळंतपणे करी. फरक प्रवेशात होता. मॅट्रिकनंतर थेट मेडिकल स्कूल गाठता येई, इंटर सायन्सची दोन वर्षे आणि त्यांचा खर्च वाचे. ज्या घरात मुलीच्या शिक्षणाची वर्षे बोटांवर मोजली जात, तिथे एवढ्यावरच सारे ठरे.

१९३३ च्या केंद्रीय कायद्याने फक्त विद्यापीठीय पदव्यांची दखल घेतली. लायसेन्शिएटांची नावे प्रांतांच्या नोंदवहीपुरती राहिली. १९४३ मध्ये नेमलेल्या आरोग्य समितीने १९४६ च्या अहवालात एकच ‘मूलभूत डॉक्टर’ हवा असे सांगून हे अभ्यासक्रम बंद करायची शिफारस केली. तेव्हा देशातल्या सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते, आणि साधारण ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर पडत होता. समितीतल्याच काही सभासदांनी भिन्नमत नोंदवले. माझ्या मते ते बरोबर होते. दर्जाचा मुद्दा खोटा नव्हता, पण खेड्यातल्या अडलेल्या बाईला पुरुष डॉक्टरकडे नेणे घरच्यांना मान्य नसे. तिच्यापुरती निवड एल.सी.पी.एस. बाई की सुईण, एवढीच होती.

या मेडिकल शाळा भराभर बदलल्या. पुण्याच्या स्कूलचे १९४६ मध्ये कॉलेज झाले, नागपुरात १९४७ मध्ये कॉलेज निघाले. वेल्लोरची १९१८ पासूनची केवळ स्त्रियांची शाळा १९४२ मध्ये पदवीकडे वळली आणि १९४७ मध्ये तिने मुलगेही घेतले. लुधियानाच्या १८९४ च्या शाळेनेही पुढे तीच वाट धरली.

सरकारी नोकरीतही दार अरुंदच होते. जिल्ह्याच्या मोठ्या जागा ज्या वैद्यकीय सेवेकडे होत्या, तिच्यात शांततेच्या काळात स्त्रियांना प्रवेश नव्हता. १९१४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी सेवा निघाली, पण जागा मोजक्या आणि त्या बायकांच्या इस्पितळांपुरत्या. म्हणून बहुतेकींनी घराच्या पुढच्या खोल्यांतच प्रसूतिगृह थाटले. रात्री बोलावणे आले की टांगा किंवा बैलगाडी, बरोबर कंदील आणि उकळलेली हत्यारे. बाळंतज्वरावर हुकमी औषध नव्हते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सल्फा गोळ्या आल्या, महायुद्धानंतर पेनिसिलिन. रक्तपेढी दूरच्या शहरात. रक्तस्राव थांबला नाही तर मुठीने गर्भाशय दाबून धरून सकाळची वाट पाहायची.

१९५६ च्या नव्या कायद्याने जुन्या पदविकांना स्थान दिले. त्याच सुमारास लायसेन्शिएटांसाठी संक्षिप्त एम.बी.बी.एस. होता. अनेक वर्षांची प्रॅक्टिस आणि मुले-संसार सांभाळून पुन्हा वर्गात बसणे किती जणींना झेपणार होते?

वाद मात्र संपला नाही. २००१ मध्ये छत्तीसगडने तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला आणि थोड्याच काळात गुंडाळला. आसामने तसाच कायदा केला, तो २०१४ मध्ये न्यायालयात टिकला नाही. २०१९ च्या केंद्रीय कायद्यात मर्यादित परवान्याच्या ‘सामुदायिक आरोग्य सेवादात्या’ची तरतूद झाली, तेव्हा डॉक्टर संपावर गेले. १९४६ चेच मुद्दे पुन्हा निघाले : दर्जा एकीकडे, खेडे दुसरीकडे.