तंत्रज्ञानस्वीकार, विद्यापीठ ग्रंथालयांतील

विद्यापीठ ग्रंथालयातील कर्मचारी संगणकीय तालिका (ग्रंथसूची), बारकोड, ई-नियतकालिके यांसारखी साधने रोजच्या कामात रुळवतात की टाळतात आणि ते कशावर ठरते, यासंबंधीची संकल्पना. ग्रंथालयशास्त्राने ती व्यवस्थापनशास्त्राकडून घेतली.

संकल्पनेचे मूळ कोठे धरावे याबाबत एकमत नाही. काही अभ्यासक समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांच्या नवप्रवर्तन-प्रसाराच्या, म्हणजे नवे साधन वा कल्पना समाजात कशी पसरते याविषयीच्या, मांडणीपर्यंत (१९६२) मागे जातात, तर काही माहितीप्रणालींचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांच्या तंत्रज्ञानस्वीकृती प्रतिमानापासून सुरुवात करतात. या प्रतिमानाचे वर्ष १९८९ असे सांगण्याची प्रथा असली, तरी ती शोधनिबंधाची तारीख आहे; मूळ मांडणी त्यांच्या पीएच.डी. प्रबंधात, साधारणतः १९८५-८६ मध्ये आढळते. साधन सोपे वाटण्यापेक्षा ते उपयोगी वाटणे वापराशी अधिक निगडित असते, असा निष्कर्ष डेव्हिस यांनी एकूण १५२ वापरकर्त्यांच्या दोन अभ्यासांवरून काढला. मात्र देवघेव विभागातल्या कर्मचाऱ्याला प्रणाली निवडण्याची मुभा क्वचितच असते. व्यंकटेश व सहकाऱ्यांच्या, आधीचे सिद्धांत जोडणाऱ्या, एकत्रित प्रतिमानात (२००३) वरिष्ठ व सहकारी यांचा प्रभाव सक्तीच्या वापरातच ठळक दिसतो. ग्रंथालयांना ही मांडणी अधिक लागू पडते.

भारतात प्रणाली निवडण्याचे निर्णय बहुधा वरून आले. युनेस्कोच्या सीडीएस/आयसिस या नोंदी साठवण्याच्या संगणक प्रणालीनंतर विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटची (कार्यक्रम १९९१, स्वायत्त केंद्र १९९६) ‘सोल’ ही ग्रंथालय-व्यवस्थापन प्रणाली आली. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली मुक्तस्रोत ‘कोहा’ही वापरात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत आवश्यक केली.

वय, प्रशिक्षण, वीजपुरवठा ही कारणे सर्वत्र सांगितली जातात. मराठी संग्रहाच्या बाबतीत लिपीचा प्रश्न त्यांच्याइतकाच महत्त्वाचा आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या नोंदी विशिष्ट फॉन्टवर अवलंबून होत्या. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर शीर्षकाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडनेही सगळे मिटले नाही. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : खाली बिंदू असलेला ऱ व हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. प्रणालीने ते एकरूप केले नसतील, तर एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीच्या नोंदीत सापडत नाही. पुस्तक कपाटात असते, पडदा ‘नोंद नाही’ म्हणतो आणि कर्मचारी तालिकापत्रांच्या खणाकडे वळतो. याला ‘वृत्तीचा विरोध’ म्हणणे घाईचे ठरेल. डेव्हिस यांच्या भाषेत ही उपयुक्ततेचीच उणीव आहे.

पाहण्यांचा भर मुख्यतः ग्रंथपाल व साहाय्यक ग्रंथपालांवर असतो. परिचरांविषयीचे, म्हणजे पुस्तके लावणाऱ्या व काढून देणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयीचे, लेखन तुरळक आहे.

स्वीकार पूर्ण झाला की अर्धवट राहिला, हे लॉगिनच्या संख्येपेक्षा दाखल नोंदवहीवरून (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक ग्रंथाची नोंद ठेवणाऱ्या वहीवरून) अधिक कळते. लेखापरीक्षणात बांधीव नोंदवही मागितली जाते तेथे प्रत्येक ग्रंथाचा दाखल क्रमांक, किंमत व देयक क्रमांक आधी हाताने वहीत आणि मग संगणकात, असा दोनदा लिहिला जातो.