मिरची-डाळीवर वाढलेला पोपट

आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा गेलं वर्षभर एका पोपटाकडे आहे. त्यावर आडवी काठी चिकटवली आहे. पोपट काठीवर चढतो, मी आकडा टिपते, त्याला डाळिंबाचा दाणा मिळतो. परवा 118 ग्रॅम भरला. आला तेव्हा 92 होता.

आला म्हणजे एका घरातल्या पिंजऱ्यातून सोडवून आणला. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. बहुतेकांना हे ठाऊक नसतं, आणि असलं तरी ‘आजोबांकडेही होता’ हे उत्तर तयार असतं. म्हणून हा माझ्या घरी नाही. वन विभागाच्या परवानगीने चालणाऱ्या उपचार केंद्रात आहे, आणि तिथे मी सकाळी पडेल ते काम करते. (असा पोपट सापडला तर वन विभागाचा फोन 1926.)

त्या घरात त्याचे हाल नव्हते, लाड होते. भिजवलेली हरभरा डाळ, सूर्यफुलाच्या बिया, मिरची. मिरची त्याला झोंबत नाही, कारण तिखटाची जाणीव करून देणारं चेतापेशींवरचं प्रथिन पक्ष्यांमध्ये कॅप्सेसिनला, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याला, दादच देत नाही. पक्ष्यांनी बी दूर नेऊन टाकावं असा मिरचीच्या झाडाचा हिशेब. पोपट मात्र बीच फोडतो, तेव्हा हा सौदा बुलबुलाशीच बरा.

खरी भानगड अ जीवनसत्त्वाची. डाळीत आणि बियांत ते जवळजवळ नसतंच. ते मिळालं नाही की नाक-घशाचं अस्तर ओलसर ठेवणाऱ्या पेशी आपला धंदाच बदलतात. चिकट स्राव सोडून त्या केराटिन बनवू लागतात. आपली नखं ज्याची, तेच हे द्रव्य. अस्तर जाड, कोरडं होतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. पोपटाच्या टाळूत मधोमध एक फट असते आणि तिच्या कडेला बारीक काटे. डॉक्टरांनी चोच उघडून बॅटरी मारली तेव्हा याचे काटे झिजून सपाट झालेले दिसले. नाक चोंदलेलं, डोळ्यांभोवती सूज. शिवाय उजवा पंख वाकडा. पिल्लू असताना कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ राहतात, वाकतात आणि तशीच पक्की होतात. हा उडणार नाही.

पहिले चार दिवस टॉवेलमध्ये धरून औषध दिलं. यात दोन धोके. पक्ष्याच्या छातीचं हाड हललं तरच हवा आत जाते, त्यामुळे छाती आवळली की तो गुदमरतो. आणि श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असल्यामुळे धडपडणाऱ्या पोपटाला पाजलेलं औषध भलतीकडे जाऊ शकतं. पाचव्या दिवशी माझी चाहूल लागताच तो कोपऱ्यात गेला, पिसं अंगाशी घट्ट चिकटवून.

मग शिकवणी सुरू केली. एक चॉपस्टिक घेतली. टोकाला चोच लागली की क्लिकरचा, म्हणजे दाबल्यावर वाजणाऱ्या छोट्या डबीचा, ‘टक्’, मग दाणा. टक् कशाला? दाणा पुढे करेपर्यंत दोन सेकंद जातात, तेवढ्यात पोपटाने मान वळवलेली असते आणि बक्षीस कशाचं ते त्याला कळत नाही. आवाज नेमक्या क्षणावर बोट ठेवतो. तो मागे सरकला की मी काठी खाली ठेवते. माणसांना हेच सगळ्यात जड जातं. ‘चावका’ म्हणून बदनाम झालेल्या पोपटाने त्याआधी मान आखडून, बाहुल्या लहान-मोठ्या करून पुष्कळदा सांगितलेलं असतं.

पुढच्या आठवड्यात चॉपस्टिकच्या जागी बिनसुईची सिरिंज आली. आत आधी नुसता डाळिंबाचा रस, मग डॉक्टरांना विचारून त्यात औषध. आता सिरिंज दिसली की तोच लगबगीने पुढे येतो.

लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला यांतलं बीटा कॅरोटीन शरीर लागेल तेवढंच अ जीवनसत्त्वात बदलतं. थेंबांच्या बाटलीतून मात्र ते जास्त होऊन बाधू शकतं. भोपळ्याला याने अकरा दिवस तोंड लावलं नाही. बिया एकदम बंद केल्या तर पोपट उपाशी राहील, पण नवं खाणार नाही. म्हणून त्या हळूहळू कमी केल्या, रोज वजन बघत. आजारी पक्षी पिसं फुगवून गुबगुबीत दिसतो, काटा मात्र फसत नाही. दहा टक्के घट झाली की थेट डॉक्टर.

बोलायला आम्ही शिकवत नाही. तरी हल्ली काट्यावर चढला की तो स्वतःच ‘टक्’ करतो आणि माझ्या हाताकडे बघतो. त्यासाठी दाणा द्यायचा नसतो. बहुतेक वेळा मी देत नाही.