हेडलाइटमधला एक मिलिमीटर

गाडीचा हेडलाइट गेला की नवा बल्ब घेताना बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो हाच: यापेक्षा जास्त उजेडाचा कुठला आहे? अंधारात गाडी चालवणाऱ्याला असं वाटणं साहजिक आहे. पण हेडलाइटचं काम नुसता उजेड पाडणं नाही. तो रस्त्यावर पडला पाहिजे आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाता कामा नये. हे जमतं की नाही, ते बल्बमधली तार नेमकी कुठे बसली आहे यावर ठरतं.

अजूनही असंख्य गाड्यांमध्ये असलेला एच४ हा हॅलोजन बल्ब हातात घेऊन नीट पाहा (धातूच्या बुडाला धरून, काचेला बोट न लावता). आत दोन फिलामेंट, म्हणजे पेटणाऱ्या तारा, दिसतील. एक अप्परचं, एक डिपरचं. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या, म्हणजे दिव्यातल्या वाटीसारख्या आरशाच्या, फक्त वरच्या भागावर प्रकाश पडतो. शिवाय हे फिलामेंट रिफ्लेक्टरच्या नाभीच्या, म्हणजे फोकसच्या, थोडं पुढे असतं. नाभीवरून निघालेले किरण सरळ समांतर जातात, पण नाभीच्या पुढून निघून वरच्या भागावर आदळलेले किरण खाली वळतात. डिपर मारल्यावर प्रकाश रस्त्याकडे झुकतो तो एवढ्याशा मांडणीमुळे. काहीही हलत नाही, फक्त एक तार विझते आणि दुसरी पेटते.

आता हे फिलामेंट एक मिलिमीटर खाली-वर झालं तर? रिफ्लेक्टरची नाभी त्याच्या तळापासून २५ मिलिमीटरवर आहे असं धरू. मग तारेचं एक मिलिमीटर सरकणं म्हणजे झोताचं पंचविसात एक वळणं. २५ मीटर पुढे गेल्यावर झोत सुमारे १ मीटर वर किंवा खाली गेलेला असेल. डिपरचा झोत साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे २५ मीटरवर जेमतेम २५ सेंटिमीटर. तारेच्या एक मिलिमीटरच्या चुकीने त्याच्या चौपट फरक पडतो. हिशेब ढोबळ आहे, पण बल्बवरचा एच४, एच७, एच११ हा कोड इतक्या काटेकोरपणे का पाळायचा, ते त्यातून कळतं. तो कोड म्हणजे फिलामेंटची लांबी, जागा, बुडाचा आकार, वॅट आणि प्रकाश या सगळ्यांचा ठरलेला करार आहे. दिवा बनवणाऱ्याने रिफ्लेक्टर त्याच्यावर बेतलेला असतो.

म्हणूनच हॅलोजनच्या दिव्यात खोचायच्या एलईडी बल्बांबद्दल मी सावध आहे. तार सगळ्या बाजूंनी उजळते. एलईडीच्या चिप मात्र एका पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये त्या पट्टीची जाडी येते. रिफ्लेक्टरला अपेक्षित असलेला प्रकाशाचा उगमच बदलतो. मग बरेचदा गाडीच्या पुढ्यात झगझगीत पट्टा पडतो आणि चालकाला दिवा जोरदार वाटतो. पण डोळे त्या जवळच्या उजेडाला सरावले की दूरचा खड्डा उलट कमी दिसतो. वर उडालेला प्रकाश समोरच्याला दिपवतो तो वेगळाच. अनेक देशांत अशी अदलाबदल नियमबाह्य आहे. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना परवानगी मिळाली, पण तीही तपासलेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच. मुळात एलईडीसाठीच घडवलेला हेडलाइट असेल, तर यातलं काहीच लागू नाही.

जास्त वॅटचा मोह तर अधिक घातक. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर घेतो, १०० वॅटचा आठाच्या वर. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे वायरिंग आणि होल्डरला तिपटीहून जास्त उष्णता सोसावी लागते. होल्डरचं प्लॅस्टिक वितळतं, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो.

निळसर काचेच्या बल्बाने तर काहीच वाढत नाही. हॅलोजनच्या प्रकाशाचं रंगतापमान ३२०० केल्विनच्या आसपास असतं, म्हणजे तो पिवळसर असतो. निळा लेप त्यातला पिवळा-तांबडा भाग गाळून टाकतो, म्हणून प्रकाश पांढराशुभ्र भासतो. हाती उरतो तो कमीच उजेड. खोक्यावर ‘१०० टक्के जास्त’ असं छापलेले बल्ब मात्र निव्वळ थाप नसतात. त्यांची तार अधिक आखूड, अधिक तप्त असते आणि झोताच्या मोजक्या भागात प्रकाश खरोखर वाढतो. एकूण प्रकाश मात्र नियमाच्या मर्यादेतच राहतो. किंमत आयुष्याने चुकवावी लागते, कारण तार जितकी तापते तितकं टंगस्टन लवकर उडून जातं. बल्बमधला ब्रोमीन किंवा आयोडीन ते काचेजवळून उचलून पुन्हा तारेवर आणून सोडतो, पण जिथे झीज झाली तिथेच ते बसेल असं नाही. एखादी जागा पातळ होत जाते आणि तिथेच तार तुटते.

नवा बल्ब महागातला घ्यायच्या आधी बल्बपर्यंत वीज किती पोचते ते तपासून घ्यावं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घातात बदलतो. १३.२ व्होल्टऐवजी १२.२ मिळाले, तर जवळजवळ पाव उजेड गेलाच. गंजलेलं अर्थिंग, सैल सॉकेट किंवा थकलेला रिले (दिव्याला वीज सोडणारा स्विच) एवढं सहज खातो. दिव्याची पुढची काच पिवळी पडली असेल, तर उत्तम बल्बही त्यामागे वायाच.

कोड तोच, वॅट तेवढेच, नामांकित कंपनीचा साधा बल्ब, ही माझी निवड. एक गेला की दोन्ही बदला, कारण जोडीतला दुसराही तितकाच झिजलेला असतो आणि दोन्हीकडे सारखा उजेड हवा. काचेला बोटाचं तेल लागलं तर शेकडो अंश तापलेल्या क्वार्ट्‌झवर तेवढाच डाग जास्त तापतो आणि तिथे काच कमजोर होते. लागलंच, तर स्पिरिटने पुसून टाका. बल्बच्या बुडाचे कान खाचेत पक्के बसले का, तेही पाहा. मग गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून डिपर लावा. उजेड-अंधाराची रेषा दोन्ही दिव्यांची सारखीच आली पाहिजे. एक वर-खाली दिसली, तर आधी बल्ब काढून पुन्हा बसवा. झोत लावायच्या स्क्रूला हात त्यानंतर.