तालुक्याच्या गावातले बी.ए. आणि 'कायम' विनाअनुदानाचे धोरण

कला शाखा हवीच कशाला, हा प्रश्न आता विदर्भातल्या दारव्हा, मेहकर, धारणीसारख्या तालुक्याच्या गावांतही ऐकू येतो. 1923ला नागपुरात विद्यापीठ आले, 1983ला अमरावतीला आणि 2011ला गडचिरोलीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खेड्यापर्यंत आधी पोहोचली ती कला शाखा, तीही तिच्या थोरवीमुळे नव्हे. तिला प्रयोगशाळा लागत नाही. संस्थाचालकांना ते परवडले. कापूस पिकवणाऱ्या घरांतली पहिली पदवीधर पोरे त्याच वर्गांतून निघाली, बी.एड. करून मास्तर झाली, पंचायत समितीत चिकटली.

खरी गाठ पडली ती अनुदानापाशी, म्हणजे प्राध्यापकांच्या पगारासाठी सरकार देते त्या पैशापाशी. 1983ला राज्याने खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. तरी 'विनाअनुदानित' म्हणजे आज नाही तर उद्या अनुदान मिळेल, अशी समजूत बरीच वर्षे टिकून होती. 2000 नंतर नव्या महाविद्यालयांच्या परवानगीत 'विनाअनुदानित'च्या आधी 'कायम' हा शब्द आला आणि ती आशा कागदावरच संपली. शाळांच्या बाबतीत 2009ला हा शब्द वगळला गेला. वरिष्ठ महाविद्यालयांतले लोक आजही तेवढेच मागत आहेत. खर्च आवरण्यासाठी हे करावे लागले, असे समर्थक सांगतात, आणि तिजोरीची ओढाताण खोटी नव्हती. पण सरकारने हात आखडल्यावर संस्थांनी पुन्हा तीच स्वस्त शाखा उघडली. शिकवायला तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झालेला माणूस तासाच्या हिशेबाने इतिहास शिकवतो, उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून मानधनही नाही. कित्येक ठिकाणी एकाच इमारतीत एक शाखा अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित चालते, स्टाफरूम मात्र एकच. हे सगळे बाजूला ठेवून 'कलेची गुणवत्ता घसरली' म्हणणे मला अप्रामाणिक वाटते.

शिकणाऱ्यांचे हिशेबही बदलले. पोलीस भरती किंवा तलाठी परीक्षेची तयारी करता करता पदवी हातात पडावी, म्हणून मुले बी.ए. घेतात. मुलींसाठी गृहअर्थशास्त्र असते. त्याला हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, त्या विषयाच्या नावावर कितीतरी घरांनी लेकीला बारावीनंतर कॉलेजात पाठवले. पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात तर दंडार, खडी गंमत या लोककला आणि झाडीबोली ही तिथली बोली हे मराठीच्या विद्यार्थ्याला घराजवळच सापडणारे अभ्यासाचे विषय. नोकरीच्या आकड्यांत हे काम कुठेच मोजले जात नाही.

2024-25पासून संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. पूर्वी तीन ऐच्छिक विषय तिन्ही वर्षे चालत. आता एक मुख्य, एक दुय्यम. तिसऱ्या विषयाचे तास घटले की कार्यभार घटतो आणि कार्यभारावर पद ठरते. छोट्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान किंवा संगीताचा एकच प्राध्यापक असतो. तो निवृत्त झाला की विभागाला कुलूप. त्याच 2024मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलींना पूर्ण शुल्कमाफी देणारा निर्णय निघाला, तोही व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता. बी.ए. त्यात नाही.